डूम जोडावा की बदलावा?

ऊसतोडणीच्या हंगामात कराडहून पेठनाका, आष्टामार्गे सांगलीकडे रात्री दुचाकीने जाणाऱ्याला दोन गोष्टींचे भान सतत ठेवावे लागते. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारातून अचानक पुढ्यात उभी राहते आणि तिच्यातून निसटलेली कांडकी रस्त्यावर विखुरलेली असतात. अशा कांडक्यावरून गाडी घसरली आणि गुडघा खरचटण्यावर निभावले, तर घरचे देवाचे आभार मानतात. सकाळी उजेडात गाडी पाहिल्यावर मात्र दुसरेच दुःख समोर येते. टाकी शाबूत असते, इंजिन शाबूत असते, चाकेही सरळ असतात. पण समोरच्या दिव्याभोवतीचे रंगीत प्लॅस्टिकचे कवच मधोमध तडकलेले, त्याचा एक कान तुटलेला आणि रंगाची साल निघालेली असते. गॅरेजमधला कारागीर एक नजर टाकतो आणि निकाल देतो, 'डूम गेला, नवा टाका.'

गॅरेजच्या बोलीत समोरच्या वाराढालीला सरसकट 'डूम' म्हणतात. वर पारदर्शक पट्टी असेल तर तिला 'व्हायझर' आणि इंजिनाच्या दोन्ही बाजू झाकणारे मोठे पंख असतील तर त्यांना 'फेअरिंग' हे नाव पडते. ही सारी वारा कापण्यासाठी केलेली, रंगविलेल्या प्लॅस्टिकची कवचे. ती फुटली की टाकून द्यायची, ही समजूत आता इतकी रुजली आहे की ती जोडता येतात हेच अनेक वाहनधारकांना ठाऊक नसते. उलट, जोडता येते म्हणून वाटेल ते चिकटवून तीच गाडी पुन्हा महामार्गावर नेणारेही काही कमी नाहीत. दोन्ही चुका महागात पडतात; पहिली खिशाला आणि दुसरी कधी कधी जिवाला.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात या प्रश्नाला थोडा इतिहासही आहे. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. प्रियाचे अंग पोलादी पत्र्याचे होते. पत्रा चेपला तर आतून हातोडी आणि बाहेरून ठोकळा लावून तो सरळ करायचा, फाटला तर गॅस वेल्डिंग करायचे, गंजला तर तुकडा बदलायचा. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची पिढीच्या पिढी या पत्र्यावर शिकली. पत्रा वाकतो, पण तो परत येतो. प्लॅस्टिक एका मर्यादेपर्यंत वाकते आणि नंतर तुटते. त्याला हातोडीची भाषा समजत नाही. गाड्यांचे अंग पत्र्याचे प्लॅस्टिक झाले तेव्हा कारागिरांच्या हातची विद्या अर्धी निरुपयोगी ठरली आणि 'नवा टाका' हे उत्तर सोपे झाले.

वारा कापणारी कवचे ही मुळात शर्यतीच्या मैदानातली गोष्ट. युरोपात पन्नाशीच्या दशकात पुढचे चाकही झाकून टाकणारी मोठी कवचे शर्यतीच्या मोटारसायकलींना बसविली जात. आडव्या वाऱ्यात ती धोकादायक ठरतात, या कारणास्तव आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर त्यांवर बंदी घातली. पुढे १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर १०० आरएस' ही पूर्ण कवचाची गाडी सामान्य ग्राहकासाठी आणली. तिचे कवच वाऱ्याच्या बोगद्यात पारखून घडविले होते. आपल्याकडे हा थाट उशिरा आला. हीरो होंडाची करिझ्मा २००३ मध्ये, बजाजची पल्सर २२० ही २००७ मध्ये, यामाहाची आर १५ ही २००८ मध्ये आणि करिझ्मा झेडएमआर २००९ मध्ये बाजारात आली. त्या काळी ऊसबिलाच्या पैशातून दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतलेल्या या गाड्यांपैकी कित्येक आजही एमएच १० आणि एमएच ११ च्या पाट्या मिरवीत धावत आहेत. घरातल्या थोरल्याने घेतलेली गाडी धाकट्याकडे आणि धाकट्याकडून पुतण्याकडे गेली आहे. गाडीचे वय जसे वाढते, तसा तिचा मूळ डूम मिळणे दुरापास्त होत जाते. जोडण्याची विद्या महत्त्वाची ठरते ती इथे.

ढाल खरोखर काय करते?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला जेवढा वारा छातीवर येतो, त्याच्या सव्वादोनपट ९० ला आणि चौपट १२० ला येतो. तो विरोध मोडून काढण्यासाठी इंजिनाला लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वेग दुप्पट केला तर त्यासाठी आठपट. सातारा शहरात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जाणाऱ्याला डूम असला काय आणि नसला काय, वाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. महामार्गावरून पुण्याला जाणाऱ्याला मात्र मान आणि खांदे आखडण्यातून तो फरक कळतो.

ढालीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर किंवा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस ढालगावच्या परिसरात पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे वारा आडवा लागतो आणि कवच जितके रुंद, तितका तो गाडीला बाजूला ढकलतो. एक कान तुटलेला, एका बोल्टवर लटकलेला डूम अशा वाऱ्यात थरथरू लागतो, त्याबरोबर दिव्याचा झोत नाचतो आणि शेवटी उरलेला कानही जातो. निसटलेले कवच हँडलमध्ये किंवा पुढच्या चाकात अडकले, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच 'चालतंय तोवर चालू द्या' हे धोरण इतर भागांबाबत एखादे वेळी खपेल. समोरच्या कवचाबाबत ते खपवून घेऊ नये.

आधी जात ओळखा

दुरुस्तीचा निर्णय तडा किती लांब आहे यावर नव्हे, तर प्लॅस्टिक कोणत्या जातीचे आहे यावर अवलंबून असतो. गाडीवर साधारणतः तीन जाती आढळतात. रंगविलेले डूम आणि बाजूचे पंख बहुधा एबीएस या प्लॅस्टिकचे असतात. न रंगविलेले काळे भाग, काही मडगार्ड आणि आतली आवरणे पॉलिप्रॉपिलिनची असतात. पारदर्शक व्हायझर पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकचा असतो. भाग काढून उलटा केला की आतल्या अंगाला, दोन टोकदार कंसांच्या मध्ये, जातीची इंग्रजी आद्याक्षरे साच्यातच उमटविलेली अनेकदा दिसतात. ती नसतील तर तुटलेला लहानसा कपचा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके असल्याने तरंगते, एबीएस बुडते. कपच्यावर रंगाचा थर असेल तर तो आधी खरवडून काढावा, नाहीतर परीक्षा फसते.

एबीएस हे जोडणीला सर्वांत अनुकूल. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते आणि हाच त्याचा गुण कारागिराच्या कामी येतो. प्रथम तड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडतात. तडा पुढे सरकतो तो टोकाशी ताण एकवटल्यामुळे. गोल छिद्राने तो ताण पसरतो आणि तडा तिथेच थांबतो. ही एक पायरी वगळली म्हणून कित्येक सुंदर दुरुस्त्या महिनाभरात पुन्हा उलतात. नंतर आतल्या बाजूने तडा ब्लेडने खरवडून खाचेसारखा करतात, त्यावर तारेची बारीक जाळी सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने प्लॅस्टिकमध्ये रुतवितात आणि वरून एबीएसचाच लगदा भरतात. हा लगदा करण्यासाठी भंगारातला फुटका एबीएस डूम उत्तम. त्याचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घातले की मधासारखा दाट रस तयार होतो. तो एकदम जाड थापायचा नाही. पातळ थर, मध्ये वाळायला वेळ, पुन्हा थर, असे करावे लागते. कारण अ‍ॅसिटोन उडून जाताना लगदा आकसतो. घाई केली तर वरून कडक आणि आतून मऊ असा सांधा राहतो. पूर्ण घट्ट होण्यास एक-दोन दिवस द्यावे लागतात आणि 'संध्याकाळी गाडी न्या' म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये नेमके तेच दिले जात नाहीत.

तुटलेला कान हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने तो जागेवर बसतो खरा, पण तो डिंक वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर त्याला सोसत नाही. कान नव्याने बांधताना आत जाळी घालून मूळ कानापेक्षा पाया रुंद करणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

पॉलिप्रॉपिलिनवर मात्र अ‍ॅसिटोनचा काही उपयोग होत नाही, साधे इपॉक्सीही धड बसत नाही. त्याला गरम हवेच्या यंत्राने, त्याच जातीची कांडी वितळवून जोडावे लागते. पारदर्शक व्हायझर तडकला असेल तर त्याची दुरुस्ती करण्याच्या फंदात पडू नये. सांधा दिसतोच आणि समोरून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात तो डोळ्यांसमोर चमकत राहतो.

रंगाची परीक्षा

जोडणीपेक्षा रंगकामात अधिक दुरुस्त्या बिघडतात. पत्र्याच्या सवयीने कडक थिनर थेट उघड्या एबीएसवर मारला, तर पृष्ठभागावर केसासारखे बारीक तडे उमटतात आणि ते रंगाखालून डोकावतात. पत्र्यासारखे प्लॅस्टिक भट्टीत तापवूनही चालत नाही. एबीएस ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून त्यावरचा रंग साठेक अंशांपर्यंतच्या उष्णतेने किंवा नुसत्या हवेवर वाळवितात. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे. वर्षानुवर्षे चोळलेल्या सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला, तर रंग माशाच्या डोळ्यांसारखा ठिकठिकाणी फाटतो. नंतर वॉटर पेपर, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर, बारीक खड्ड्यांना पुट्टी, पुन्हा पेपर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर. पॉलिप्रॉपिलिन असेल तर प्रायमरच्याही आधी रंगाला पकड देणारा खास थर हवा. तो नसेल तर रंग नखाने सोलून निघतो. मूळ स्टिकर लॅकरच्या थराखाली आहेत की वर चिकटविलेले आहेत, हेही घासण्यापूर्वी पाहावे, कारण जुन्या गाडीचे स्टिकर डूमपेक्षाही दुर्मिळ असू शकतात.

साताऱ्याच्या पावसाचा या कामाशी थेट संबंध आहे. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो. लॅकरमधले थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि चकाकीऐवजी दुधाळ पांढुरकी छटा येते. अनुभवी रंगारी अशा दिवसांत सावकाश उडणारे थिनर वापरतो किंवा सरळ उघडीप पाहू म्हणतो. जत, आटपाडीकडे दुखणे उलट आहे. तिथे हवा कोरडी, पण ओल्या लॅकरवर धूळ येऊन बसते; रंगाआधी जमिनीवर पाणी शिंपडण्याची तिकडची रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

रंग जुळविणे हा तर स्वतंत्र शास्त्राचा विषय. कंपनीच्या क्रमांकाबरहुकूम रंग कालविला तरी तो पंधरा वर्षे उन्हात तापलेल्या टाकीशेजारी परका दिसतो, कारण टाकीचा रंग आता मूळचा उरलेला नसतो. चकाकीच्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि फवारणीचा दाब किंवा अंतर बदलले, तरी ते वेगळ्या कलाने बसून छटा बदलतात. म्हणून आधी एका पट्टीवर नमुना मारून तो टाकीला लावून दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हमखास दगा देतो. एकाच बाजूचा पंख रंगविण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे एकदम रंगविले तर नजर फसते, हा रंगाऱ्यांचा जुना तोडगा आहे आणि तो वाईट नाही. वेगळाच रंग देण्याचा मोह झाला, तर नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचीही नोंद असते हे विसरू नये. परिवहन कार्यालयाला कळवून ती नोंद बदलून घ्यावी.

आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या नजरेत सहसा येत नाही. आज वापरात असलेल्या दोन घटकांच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे सूक्ष्म तुषार फुफ्फुसात गेल्याने रंगाऱ्याला दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी अल्प मात्राही त्रास देते. रस्त्याकडेच्या शेडमध्ये नाकाला रुमाल बांधून फवारणी करणारा मुलगा आपल्या डूमची चकाकी स्वतःच्या श्वासाने मोजत असतो. या कामाला हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेला मुखवटा लागतो. किमान रसायनांसाठीचा योग्य मुखवटा आणि मोकळी हवा तरी हवीच. ज्या दुकानात ही काळजी घेतली जाते तिथे चार पैसे अधिक पडत असतील, तर ते द्यावेत.

नवा घेताना

जिथे दिवा बसतो ती चौकटच मोडली आहे, कानांपैकी निम्म्याहून अधिक गेले आहेत, किंवा उन्हाने प्लॅस्टिकच ठिसूळ होऊन दाबताच कपचे निघत आहेत, तिथे जोडकाम हा वेळेचा अपव्यय आहे. एबीएसमधला रबरासारखा घटक अतिनील किरणांनी खराब होतो. रंगाचा थर शाबूत असेपर्यंत तो त्याला वाचवितो. साल निघालेला डूम वर्षभर उन्हात राहिला की आतून मरू लागतो. अशा वेळी नवा भाग घ्यावा. कंपनीचा मूळ भाग मिळाला तर प्रश्न मिटतो. न मिळाल्यास बाजारात नकली एबीएस आणि काचतंतूंचे फायबर असे दोन पर्याय असतात. फायबर जड असते, त्याची छिद्रे अचूक जुळतातच असे नाही आणि ते फुटले की धारदार कपचे होतात. पण राळ आणि काचतंतूंची चटई लावून ते कितीही वेळा जोडता येते. नकली एबीएसमध्ये कानांची जाडी आणि कडांची सफाई पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवा भाग रंगविण्याआधी गाडीवर लावून पाहावा. रंग चढल्यावर दुकानदार तो परत घेत नाही. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून घासते का, पुढचा सस्पेन्शन दाबल्यावर मडगार्ड आपटतो का, वायर कुठे चिमटते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बसविताना सगळे बोल्ट आधी सैल लावून मग एकेक हातानेच आवळावेत. मूळ रबरी वॉशर आणि त्यातल्या धातूच्या नळ्या टाकून देऊन नुसता स्क्रू घट्ट पिळणे, हे कान तुटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. बोल्ट सैल पडू नये म्हणून लावायचे द्रव प्लॅस्टिकजवळ वापरू नये. त्याने आणि पेट्रोलने ताणाखालचे प्लॅस्टिक तडकते. ब्रेक ऑइलचा थेंब तर रंगच उचलतो. शेवटी, भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्याचा झोत तपासावा.

विम्याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरीही. रंगकामाचे एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्याच्यावर ५० टक्के घसारा लागतो. दुचाकीच्या प्रत्येक दाव्यात १०० रुपये वाहनधारकाने सोसायचे असतात. समजा, भागाची किंमत ४,००० आणि रंगकाम २,००० रुपये आहे. भागाचे २,००० आणि रंगाचे १,७५० मिळून ३,७५०, त्यातून १०० वजा जाता ३,६५० रुपये हाती येतात. दुसऱ्या बाजूला दावा केल्याने विनादावा सवलत जाते. ती ५० टक्क्यांवर पोहोचली असेल, तर शून्यापासून २०, २५, ३५, ४५ असे चढत पुन्हा तिथवर येईपर्यंत एकूण नुकसान स्वतःच्या वाहनाच्या विम्याच्या मूळ वार्षिक हप्त्याच्या सव्वापट होते. तो हप्ता १,५०० रुपये असेल तर हे नुकसान १,८७५ चे. म्हणजे वरच्या उदाहरणात दावा करणे फायद्याचे. पण दीड हजारात तडा जोडून रंग मिळत असेल, तर विमा कंपनीकडे न जाणेच शहाणपणाचे. 'शून्य घसारा' जोड घेतलेली असेल तर गणित बदलते. पंधरा वर्षांच्या गाडीवर बहुतेकांनी केवळ त्रयस्थ विमा ठेवलेला असतो. त्यांना हा प्रश्नच पडत नाही.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा दारातल्या गाड्याही गाळात बुडाल्या. प्लॅस्टिक पाण्याने गंजत नाही, म्हणून डूमकडे शेवटी लक्ष जाते आणि तोवर कोणीतरी कोरड्या फडक्याने गाळ पुसून टाकलेला असतो. त्या गाळातली वाळू पॉलिश पेपरचेच काम करते. व्हायझर कायमचा धुरकट होतो. आधी भरपूर पाण्याने गाळ वाहू द्यावा, मग साबणाचे पाणी आणि मऊ कापड. कवच एकदा उतरवून कानांच्या आणि रबरी वॉशरच्या खोबणीतला गाळ काढावा, नाहीतर तो सुकून दगडासारखा होतो आणि पुढच्या वेळी डूम काढताना त्याच्यासकट कान हातात येतो.